कुत्रा बरा होतो आणि पंधरा दिवसांनी परत लूज मोशन: कारण आमच्याच गोळ्यांच्या डब्यात होतं

ज्यांच्या कुत्र्याचं पोट दर दोन-तीन आठवड्यांनी बिघडतं, औषध दिलं की चार दिवसांत ठीक होतं, आणि आपण जरा निवांत झालो की परत सुरू होतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या काळ्याचं सात महिने हेच चाललं होतं. वय सहा वर्षं, वजन १४ किलो, एरवी एकदम धडधाकट. सकाळी पिवळी उलटी, मग दिवसभर पातळ शी, पोटात गुडगुड आवाज, गवत खायला धावणं, आणि दोन दिवस तोंड पाडून कोपऱ्यात बसणं. जंताचं औषध दोनदा झालं, शी तपासली, रक्त तपासलं, लिव्हर किडनी कॅल्शियम सगळं नॉर्मल. तरी दर वेळी तेच.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट. हे सगळं त्या कुत्र्यासाठी आहे ज्याचं पोट अधूनमधून बिघडतं पण मधल्या दिवसांत तो खातो-पितो-खेळतो. तुमच्या कुत्र्याच्या शीत किंवा उलटीत रक्त असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, पोट फुगून टणक झालं असेल, तो झोकांड्या देत असेल, झटके येत असतील, शू होतच नसेल, किंवा छोटं पिल्लू असून पाणीसुद्धा टिकत नसेल, तर वाचत बसू नका, आत्ता डॉक्टरकडे जा. आणि त्याने आत्ताच कुणाच्या तरी गोळ्या खाल्ल्याचा संशय असेल तरी तेच.

तर काळ्याचं. प्रत्येक वेळी डॉक्टर उकडलेलं चिकन आणि मऊ भात सांगायचे, सोबत प्रोबायोटिक, आणि तीन-चार दिवसांत गडी टुणटुणीत. पाचव्या की सहाव्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी एक वेगळाच प्रश्न विचारला. म्हणाले, तो आजारी असताना तुम्ही घरात त्याला काय काय द्यायचं बंद करता? मी म्हटलं सगळंच, फक्त चिकन-भात. ते म्हणाले, सगळंच म्हणजे काय ते घरी जाऊन लिहून काढा, प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, सगळ्यांना एकत्र बसवून विचारू नका.

ही वेगवेगळं विचारायची गोष्ट फार महत्त्वाची निघाली. कारण एकत्र विचारलं की सगळे म्हणतात मी काही देत नाही, कधीतरी एखादा तुकडा. वेगळं विचारलं तेव्हा कागद भरला. आई रोज जेवणानंतर तिची चघळायची व्हिटॅमिन सीची गोळी अर्धी मोडून त्याला द्यायची, कारण तो शेजारी येऊन बसतो आणि त्याला ती आवडते. बाबा स्वतःच्या कॅल्शियमच्या गोळीतला तुकडा द्यायचे, का तर एकदा तो जिन्यावर पाय घसरून पडला होता आणि हाडं मजबूत व्हावीत म्हणून. मी स्वतः त्याचे केस गळतात म्हणून माशाच्या लिव्हरच्या तेलाच्या दोन कॅप्सूल रोज त्याच्या खाण्यात फोडत होते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. भाऊ रात्री उशिरा येतो तो चीज आणि चिकनची कातडी द्यायचा. एकेकटं बघितलं तर प्रत्येकाचं थोडंसंच, पण ते सगळं मिळून एका १४ किलोच्या जिवाच्या पोटात जात होतं.

आणि मग चक्र कसं फिरत होतं ते डोळ्यासमोर आलं. पोट बिघडलं की आम्ही सगळे घाबरून सगळं बंद करायचो, म्हणून तो बरा व्हायचा. बरा झाला की बिचारा अशक्त झालाय म्हणून प्रत्येकजण आपापलं परत सुरू करायचा, आणि मी तर तेव्हा दोनाच्या तीन कॅप्सूल करायचे. आठ-दहा दिवस निघायचे आणि मग परत पिवळी उलटी. आम्ही औषधाला श्रेय देत होतो, पण अर्धं काम ते बंद करण्यानेच होत होतं. तुमच्याकडे पण आजारपणात ठीक आणि बरा झाला की बिघडतो असं होत असेल तर पहिला संशय या जास्तीच्या गोष्टींवरच घ्या.

शोध कसा घ्यायचा

डॉक्टरांनी जे सांगितलं आणि आम्ही जे केलं ते असं. दोन आठवडे फक्त त्याचं नेहमीचं खाणं आणि पाणी. ट्रीट नाही, तुकडा नाही, गोळी नाही, तेल नाही, चघळायची हाडं नाहीत. ट्रेनिंगसाठी काही लागलंच तर त्याच्याच वाटीतले चार दाणे बाजूला काढून ते वापरायचे. एक वही फ्रिजवर चिकटवली, त्यात वेळ, काय खाल्लं, शी कशी (घट्ट, मऊ, पातळ), उलटी, पाणी किती पितो. पाणी का, तर जास्त तहान आणि जास्त शू हे काही व्हिटॅमिनच्या ओव्हरडोसचं पहिलं लक्षण असतं, त्यावर पुढे येते.

यात दोन चुका लोक करतात. पहिली म्हणजे याच दोन आठवड्यांत मुख्य खाणंही बदलतात, नवीन ब्रँड आणतात, मग काय केल्याने काय झालं ते कधीच कळत नाही. खाणं बदलायचंच असेल तर ते नंतर, आणि सात ते दहा दिवस जुन्यात नवीन हळूहळू वाढवत. दुसरी चूक म्हणजे डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी दिलेलं औषध किंवा सप्लिमेंट पण बंद करून टाकतात. ते बंद करायचं नाही. बंद करायचं ते जे आपण आपल्या मनाने देतो ते.

दोन आठवडे शांत गेले तर मग एक-एक गोष्ट परत आणायची, पण खाण्याचीच, गोळ्या नाही. एका वेळी एकच, थोडीशी, आणि पुढच्या गोष्टीच्या आधी चार-पाच दिवस थांबायचं. काळ्याचं गाजर चाललं, उकडलेला लाल भोपळा चालला, बिया काढलेलं सफरचंद चाललं, साधं अंडं चाललं, चीजवर दुसऱ्याच दिवशी पातळ शी झाली म्हणून चीज कायमचं बंद. दोन आठवडे सगळं बंद ठेवूनही पोट बिघडलं तर मात्र कारण दुसरं आहे, मग वही घेऊन डॉक्टरकडे जा, ती वही त्यांना दहा प्रश्नांची उत्तरं देते. अंगाला खाज, कान सारखे लाल असं असेल तर अॅलर्जीची ट्रायल (फक्त ठरलेलं एकच खाणं देऊन बघणं) लागते आणि ती आठ आठवड्यांच्या आसपास चालते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

गोळ्यांचं काय

आता ज्याच्यासाठी मुळात लिहायला बसले ते. आपली व्हिटॅमिनं म्हणजे ताकदीची गोष्ट, औषध नाही, त्यामुळे थोडं दिलं तर काय होतंय, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटत होतं. मी पण त्यातलीच. डॉक्टरांकडून आणि नंतर वाचून जे कळलं त्याने हात थंड पडले.

सीपासून सुरू करते. माणसाचं शरीर व्हिटॅमिन सी बनवू शकत नाही, कुत्र्याचं लिव्हर ते स्वतः बनवतं. म्हणजे निरोगी कुत्र्याला ते वरून द्यायची गरजच नाही. जास्तीचं सी आतड्यात पाणी ओढून घेतं आणि लूज मोशन होतात, आणि शरीरात गेलेल्या जास्तीच्या सीचा काही भाग ऑक्झलेट होऊन शूवाटे बाहेर पडतो, ज्याच्यापासून मूतखडे होऊ शकतात. वर चघळायच्या गोळीत गोडीसाठी सॉर्बिटॉलसारखे पदार्थ असतात, तेही पोट ढिलं करतात. म्हणजे आईच्या त्या अर्ध्या गोळीत पोट बिघडवायची दोन कारणं होती.

आणि त्याहून मोठी गोष्ट. आई जी डबी वापरायची ती संपली होती आणि नवीन आणून ठेवली होती, तोच रंग तेच चित्र, फक्त कोपऱ्यात छोट्या अक्षरात शुगरफ्री लिहिलेलं. मागे घटक वाचले तर त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ. ती डबी अजून फोडलेली नव्हती म्हणून. माणसाला झायलिटॉलने काही होत नाही, पण कुत्र्याच्या शरीराला ते साखरेसारखं वाटतं आणि स्वादुपिंड एकदम भरपूर इन्सुलिन सोडतं, अर्ध्या ते एक तासात रक्तातली साखर धाडकन खाली येते, उलटी, लटपटणं, कोसळणं, झटके. किलोमागे साधारण ०.१ ग्रॅमपासून हा धोका धरतात आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे लिव्हर निकामी होऊ शकतं. १४ किलोच्या कुत्र्याला तो ०.१ चा आकडा म्हणजे १.४ ग्रॅम. एका च्युइंगममध्ये ब्रँडनुसार कमी-जास्त असतं पण काहींत १ ग्रॅमपर्यंत असतं, तर दोन च्युइंगम पुरतात. शुगरफ्री गोळ्या, गमी व्हिटॅमिन, टूथपेस्ट, माउथवॉश, काही पीनट बटर, सगळीकडे हे असू शकतं, आणि लेबलवर ते बर्च शुगर किंवा ई-९६७ अशा नावानेही येतं. आता घरात शुगरफ्री शब्द दिसला की ती वस्तू वरच्या कपाटात जाते, आत काय आहे ते नंतर बघतो.

व्हिटॅमिन डी हे मला सगळ्यात जास्त भीती वाटण्यासारखं वाटतं, कारण ते घरोघरी असतं आणि दिसायला निरुपद्रवी असतं. कुत्रा उन्हात बसून आपल्यासारखं पुरेसं डी बनवू शकत नाही, त्याला ते खाण्यातूनच लागतं, आणि म्हणूनच तयार डॉगफूडमध्ये ते मोजून घातलेलं असतं. त्यावर आपण अजून टाकलं की ते चरबीत साठतं, आठवडेच्या आठवडे बाहेर जात नाही, रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस वाढत जातं आणि शेवटी किडनी बसते. सुरुवातीला दिसतं काय, तर जास्त तहान, जास्त शू, भूक कमी, उलट्या. म्हणून वहीत पाणी लिहायचं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) काही कोरड्या डॉगफूडमध्ये डी चुकून फार जास्त पडल्याचा इशारा दिला होता, काही नमुन्यांत ठरलेल्या प्रमाणाच्या सुमारे ७० पट, आणि कुत्र्यांना नेमकी हीच लक्षणं दिसत होती. तिथे ते सगळं कारखान्यातल्या चुकीने झालं, आपण ते प्रेमाने एकेक गोळी करून करतो.

हिशोब मांडून दाखवते. डीची विषबाधा किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅमपासून दिसू लागते. १ मिलिग्रॅम म्हणजे ४०,००० युनिट, तर ०.१ म्हणजे किलोमागे ४,००० युनिट. आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची कॅप्सूल असते ना, ती १४ किलोच्या कुत्र्याने एक जरी खाल्ली तरी किलोमागे जवळपास ४,३०० युनिट होतात. एक कॅप्सूल! पाच किलोच्या कुत्र्याला तीच एक कॅप्सूल किलोमागे १२,००० युनिट. तुमच्या घरी ही असेल तर आत्ता उठून बघा कुठे ठेवली आहे.

माशाचं तेल आणि माशाच्या लिव्हरचं तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला माहीतच नव्हतं. लिव्हरच्या तेलात ए आणि डी दोन्ही भरपूर असतात आणि दोन्ही साठणारी. माझा काळ्या वाचला कारण त्या कॅप्सूल कमी ताकदीच्या होत्या आणि मधूनमधून बंद पडत होत्या, पण तेवढ्या तेलाने पोट मात्र नक्की बिघडत होतं. ओमेगासाठी नुसतं माशाचं तेल डॉक्टर काही कुत्र्यांना देतात, पण डोस वजनावर ठरवून.

आयर्न. गोळ्या रंगीत, वरून गोड कोट, कुत्र्यांना चावायला आवडतात. गोळीवर जे लिहिलेलं असतं ते कधी क्षाराचं वजन असतं आणि कधी त्यातल्या खऱ्या लोहाचं, उदाहरणार्थ फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण ३३ टक्के असतं. किलोमागे २० मिलिग्रॅम लोहापासून त्रास होऊ शकतो आणि ६० च्या पुढे जीवावरचं. ६० मिलिग्रॅम लोहाच्या पाच गोळ्या म्हणजे ३००, १४ किलोला किलोमागे २१. एक पट्टी कुरतडली तर विचारच नको. यातला सगळ्यात फसवा भाग म्हणजे सुरुवातीला उलट्या होतात, कधी रक्ताच्या, आणि मग काही तासांनी कुत्रा चक्क बरा दिसतो, माणसं हुश्श करतात, आणि दुसऱ्या दिवशी लिव्हर ढासळतं. त्यामुळे आयर्न खाऊन उलटी होऊन तो फ्रेश झाला, आता काही नाही, असं कधीच धरू नका.

मग लोक म्हणतात व्हिटॅमिन बी तर पाण्यात विरघळतं, ते काहीच करत नाही, जास्तीचं शूवाटे निघून जातं. नुसत्या बीच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे, शू गडद पिवळी होते एवढंच. पण बी-१२ च्या कितीतरी गोळ्यांत, खासकरून नसांसाठी किंवा मुंग्या येतात म्हणून ज्या देतात त्यांत, अल्फा लिपोइक अॅसिड मिसळलेलं असतं, आणि ते कुत्र्यांसाठी विषारी आहे, साखर उतरते, लिव्हरला मार बसतो, झटके येतात. झोपेसाठी किंवा मूडसाठी मिळणाऱ्या सप्लिमेंटमधलं ५-एचटीपी पण कुत्र्यांसाठी विषारीच. म्हणजे डबीच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय त्यावर जायचंच नाही, मागची बारीक अक्षरं वाचायची. लहान मुलांची गोळी आहे म्हणून चालेल हे पण खोटं. मुलांच्या गोळ्यांत आयर्न असू शकतं, डी असू शकतं, आणि गोडवा तर असतोच.

बाबांच्या कॅल्शियमबद्दल. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला, जो संतुलित तयार खाणं खातो, वरून कॅल्शियम देऊन काही मिळत नाही. पण मोठ्या जातीच्या पिल्लांना देणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण ते चांगल्यासाठीच करत असतात. लहान वयात, साधारण सहा महिन्यांपर्यंत, पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवून धरता येत नाही, जेवढं येईल त्यातलं बरंच आत घेतलं जातं, आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. हाडं मजबूत व्हावीत म्हणून दिलेलंच हाडं बिघडवतं. ग्रेट डेन, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, असं पिल्लू असेल तर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाणं आणि वरून काही नाही.

याची उलटी बाजू पण आहे आणि ती लपवत नाही. जे लोक फक्त घरी शिजवलेलं चिकन-भात महिनोन्‌महिने देतात, त्यांच्या कुत्र्याला कॅल्शियम खरंच कमी पडतं, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. चार दिवसांचं आजारपणाचं जेवण म्हणून चिकन-भात उत्तम, कायमचं जेवण म्हणून अपुरं. तिथे सप्लिमेंट लागतं, पण कोणतं आणि किती ते पोषणाचं कळणाऱ्या व्हेटकडून हिशोब करून घ्यायचं, आपल्या डब्यातल्या गोळीने ते गणित जुळत नाही.

खाण्याचं थोडक्यात

यावर सगळीकडे याद्या आहेत, म्हणून मी फक्त तेवढंच लिहिते जे लोकांना माहीत असूनही चुकतं. कांदा-लसूण शिजवल्याने निर्धोक होत नाही, त्यातले गंधकाचे घटक लाल रक्तपेशी फोडतात आणि शिजवल्यावरही तसेच राहतात, आणि पावडर तर अजून तीव्र. वजनाच्या साधारण ०.५ टक्के कांदा एका वेळी गेला तर धोका धरतात, १४ किलोला ७० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा, पण रोज थोडा-थोडा रस्सा दिला तर तो साठत जातो. लक्षणं दोन-चार दिवसांनी येतात, थकवा, फिकट हिरड्या, गडद शू, त्यामुळे कांद्याशी संबंधच लावला जात नाही.

द्राक्षं आणि मनुका. कुणाच्या कुत्र्याने मूठभर खाऊन काही झालं नाही आणि कुणाच्या कुत्र्याची थोडक्यातच किडनी गेली, सुरक्षित असा आकडाच नाही. २०२१-२२ मध्ये काही प्राणी-विषतज्ज्ञांनी यामागे टार्टारिक अॅसिड असावं असं मांडलं, क्रीम ऑफ टार्टार (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पावडर) आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांत पण तसाच त्रास दिसल्यावरून, आणि द्राक्षातलं त्याचं प्रमाण जात आणि पिकण्यानुसार बदलतं, म्हणून एकाला होतं एकाला नाही असं दिसतं. माझ्या कुत्र्याला काही होत नाही हा अनुभव इथे कामाचा नाही.

चॉकलेटमध्ये रंग बघायचा, जितकं काळं तितकं वाईट. त्यातला विषारी घटक म्हणजे थिओब्रोमिन, किलोमागे २० मिलिग्रॅमपासून अस्वस्थता, उलटी, लूज मोशन आणि ६० च्या आसपास झटके. १४ किलोला २० चा आकडा गाठायला मिल्क चॉकलेट साधारण १४० ग्रॅम लागेल, डार्क ५० ते ६० ग्रॅम, आणि कोको पावडर १५ ग्रॅमच्या आसपास. आणि ते कुत्र्याच्या अंगातून सावकाश निघतं, अर्धं जायला सुमारे १७ तास लागतात, म्हणून संध्याकाळी खाल्लेल्याचा त्रास रात्रभर वाढू शकतो.

शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून टोकदार होतात. कच्चं फुगलेलं पीठ नको, पोटात फुगत राहतं आणि दारू तयार होते. कातडी आणि तेलकट उरलंसुरलं, ज्यावर भावाचा जीव होता, त्याने पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, होऊ शकतो, पाठ वाकवून उभा राहणं, पोटाला हात लावू न देणं, सारखी उलटी. दूध पूर्ण वाढलेल्या बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही, साधं बिनसाखरेचं दही थोडं चालतं काहींना. जे चालतं ते पण दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आतच, बाकी ९० त्याचं खाणं.

खाल्लंच तर

घाबरून जे हाताला येईल ते करायचं नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रकार अजूनही लोक करतात, त्याने रक्तातलं सोडियम वाढून कुत्रा त्यानेच जाऊ शकतो. बोट घालून, तेल पाजून, दूध पाजून काही उपयोग होत नाही. उलटी काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, काय खाल्लं आणि किती वेळ झाला त्यावरून, आणि पहिले एक-दोन तास सगळ्यात मोलाचे असतात म्हणून लक्षणं यायची वाट बघायची नाही. पोटातलं विष धरून ठेवायला देतात ती कोळसा पावडर सगळ्यावर चालते हा पण गैरसमज, आयर्नला ती धरतच नाही आणि झायलिटॉलवर पण फारशी उपयोगाची नाही.

फोन करताना हे हातात ठेवा: कुत्र्याचं वजन, वय, आधीचा आजार, गोळीचं पूर्ण नाव आणि ताकद, डबीत किती होत्या आणि किती उरल्या, किती वाजता. नक्की आकडा माहीत नसेल तर जास्तीत जास्त किती गेल्या असतील तो सांगा. चावलेली पट्टी, डबी, उलटीत आलेला तुकडा पिशवीत घालून सोबत न्या. आणि घरात कुणी दिलं असेल त्याच्यावर तेव्हा ओरडू नका, ओरडलं की माणसं आकडा कमी सांगतात आणि डॉक्टरला खोटा आकडा जातो. आमच्याकडे काळ्याच्या वेळी पहिले पाच महिने हेच झालं, आई घाबरून गप्प राहिली, तिला वाटत होतं तिच्यामुळे झालंय असं सगळे म्हणतील. डीच्या केसमध्ये कुत्रा ठीक दिसला तरी डॉक्टर पुढचे काही दिवस परत-परत कॅल्शियम तपासायला बोलावतात, ते पूर्ण करा, मधेच सोडू नका.

आता आमच्याकडे सगळ्यांच्या गोळ्या एका झाकणाच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर. आठवड्याची ती प्लास्टिकची खणाखणाची डबी टेबलावर राहायची ती पण आत गेली, कुत्र्याच्या दाताला ती दोन मिनिटं टिकत नाही, आणि तशा डबीत व्हिटॅमिनबरोबर पेनकिलर आणि बीपीच्या गोळ्या पण असतात, म्हणजे एका वेळी चार प्रकारचं विष. पर्स खाली ठेवायची नाही. गोळी खाली पडली तर सापडेपर्यंत काळ्या खोलीच्या बाहेर. पाहुणे आले की दारातच सांगते, त्याला काही देऊ नका, द्यायचंच असेल तर ही वाटी, यात त्याचेच दाणे आहेत.

आईला सगळ्यात जड गेलं, जेवण झालं की तो तिच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसतो आणि तिचा हात आपोआप डबीकडे जायचा. आता तिच्याजवळ गाजराच्या चकत्या असतात, रोज दोनच, वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेल्या. शेवटची पातळ शी वहीत ११ आठवड्यांपूर्वीची आहे, तीही चीजच्या ट्रायलची.